ओसरीवरचे कायदे

इंग्रजीतील 'लॉबी' हा शब्द आता आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचा साधा अर्थ कोणी विचारीत नाही. लॉबी म्हणजे सभागृहाबाहेरची ओसरी. कायदा आत व्हावयाचा. परंतु ज्यांस आत बसण्याचा अधिकार नाही आणि तरीही कायद्याचे शब्द आपल्या मनाजोगे उमटावेत अशी ज्यांची इच्छा असते, त्यांनी ओसरीवर उभे राहून आत जाणाऱ्या सभासदाच्या कानाशी लागावयाचे, ह्या उद्योगास साहेबाने 'लॉबिंग' असे सोज्ज्वळ नाव दिले. आपल्याकडे त्यास वशिला म्हणतात. थैली सोबत असली तर त्याहून रोखठोक शब्द आहेत. पण जेथे सभागृह आहे तेथेच ओसरीची ही कथा. ज्या प्रदेशाला सभागृहच नाही, तेथे काय? तेथे घर नाही, दार नाही, सगळी ओसरीच ओसरी! दादरा-नगरहवेलीची आज हीच अवस्था आहे, आणि सिल्वाशातील सुज्ञ माणसे 'कारखाने आले, रस्ते झाले' ह्या समाधानात तिच्याकडे पाठ फिरवून बसली आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपला कायदा कोण करतो हे किती वाचकांस ठाऊक आहे? राज्यघटनेच्या २४० व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपती ह्या प्रदेशासाठी विनियम काढतात. त्या विनियमास संसदेच्या कायद्याचे बळ असते. इतकेच नव्हे, तर संसदेने केलेला कायदाही ह्या प्रदेशापुरता तो बदलू शकतो किंवा रद्द करू शकतो. राष्ट्रपतींचे नाव मोठे, परंतु व्यवहारात राष्ट्रपती म्हणजे केंद्राचे गृहमंत्रालय, आणि गृहमंत्रालयाचा येथला कान व डोळा म्हणजे प्रशासक. प्रशासक दिल्लीने नेमावयाचा, मसुदा सचिवालयाने तयार करावयाचा, मंजुरी दिल्लीने द्यावयाची, आणि पालन मात्र खानवेल, दुधनी, मांदोनीच्या माणसाने करावयाचे. ह्या साऱ्या वाटचालीत एकाही निवडून दिलेल्या माणसाच्या मताची गरज पडत नाही. जिल्हा पंचायत आहे, नगरपालिका आहे. गटार कोठून न्यावे ह्यावर तेथे वाद होतील, जमिनीचा कायदा बदलावा की नाही ह्यावर नाही.

आणि हे कोणत्या लोकांच्या वाट्यास आले? २१ जुलै १९५४ च्या रात्री दादरा मुक्त झाले, २ ऑगस्टला सिल्वाशावरील पोर्तुगीज निशाण उतरले. राजा वाकणकर, सुधीर फडके, विश्वनाथ लवंदे ह्यांच्यासारखी माणसे त्या संग्रामात होती. गोमंतकीय होते, महाराष्ट्रातील तरुण होते, येथले वारली-कोकणाही होते. त्यानंतर १९६१ पर्यंत सात वर्षे ह्या भूमीचा कारभार वरिष्ठ पंचायतीने चालविला. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, १९६० च्या एप्रिलात तेथे निकाल झाला, आणि तरीही लिस्बनचे सैन्य पुन्हा येथे येऊ शकले नाही. त्या सात वर्षांत ज्यांस स्वतःचे राज्य चालविता आले, त्यांस भारतात सामील झाल्यावर आपला कायदा करण्याची अक्कल उरली नाही, असे दिल्लीने ठरविले! १९६३ च्या कायद्याने हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा, पाँडिचेरी आणि गोवा-दमण-दीव ह्यांना विधानसभा मिळाल्या. आपल्याला नाही. १९८७ साली गोवा राज्य झाले तेव्हा दमण-दीवचीही गेली. २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीव व आपण एकाच केंद्रशासित प्रदेशात बांधले गेलो, तेव्हा दोन पोरक्यांची एक पंगत झाली एवढेच. लोकसभेत दोन खासदार, राज्यसभेत कोणीही नाही.

पोर्तुगिजांच्या हाती नगरहवेली गेली तीही आपल्याला विचारून नव्हे. मराठ्यांच्या आरमाराने एक पोर्तुगीज जहाज घेतले, त्याच्या भरपाईदाखल १७७९ च्या तहाने ह्या परगण्याचे उत्पन्न त्यांना तोडून दिले गेले. एका जहाजापायी बहात्तर गावे! निर्णय पुण्यात झाला की लिस्बनमध्ये, की आज दिल्लीत, दुधनीच्या माणसाला सारखेच.

अनुच्छेद २४० खाली काही चांगले झालेच नाही, असा कांगावा आम्ही करणार नाही. पोर्तुगिजांनी 'अलवारा' पद्धतीने जमिनी वाटल्या होत्या, आणि तिच्या ओझ्याखाली आदिवासी स्वतःच्या रानात परका झाला होता. ती पद्धत मोडणारा १९७१ चा भूसुधारणा विनियम ह्याच वाटेने आला. परंतु चांगला धनी मिळाला म्हणून कोणी गुलामगिरीस प्रशस्तिपत्र देत नाही. आणि पुढे ह्या ओसरीवर कोण कोण येऊन उभे राहिले, ते पाहा.

मागास प्रदेशाचा विकास व्हावा ह्या हेतूने आयकर कायद्यात नव्या कारखान्यांना पहिली पाच वर्षे पूर्ण आणि पुढील पाच वर्षे अंशतः सूट मिळाली. विक्रीकर पंधरा वर्षे माफ झाला. मसाट, पिपरिया, खडोली येथे वसाहती उभ्या राहिल्या. पॉलिएस्टर सुताचा व्यवसाय तर इतका वाढला की देशातील सूतबाजार आज सिल्वाशाकडे पाहून भाव सांगतो. १९६१ साली ह्या प्रदेशाची लोकसंख्या ५७,९६३ होती. २०११ साली ती ३,४३,७०९ झाली. १९७१ साली येथे शंभरातील सुमारे सत्याऐंशी माणसे आदिवासी होती. २०११ साली बावन्न उरली. कारखान्यांनी रोजगार दिला हे खरे. बिहार-उत्तर प्रदेशातून पोट भरावयास आलेल्या कामगाराशी आमचे भांडण नाही. तो आमच्याहूनही निराधार आहे. पण सवलत किती द्यावी, किती वर्षे द्यावी, तिच्या बदल्यात स्थानिकांस काय मिळावे, ह्याविषयी येथल्या लोकांच्या एकाही सभागृहात कधी चर्चा झाली काय? ज्याला सवलत हवी होती त्याची गाठ दिल्लीशी. ज्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहावयाचा त्याची गाठ तलाठ्याशी.

सुताचीच गोष्ट घ्या. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये आला, तेव्हा कृत्रिम सुतावर अठरा टक्के दर होता. गिरणीवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी आरडाओरड केली. ऑक्टोबरात तो बारावर आला. तीन महिन्यांत! पुढे तंतूवर अठरा, सुतावर बारा, कापडावर पाच अशी उलटी उतरंड राहिली. ती सरळ करण्यासाठी २०२१ च्या सप्टेंबरात कापडाचा दर वाढविण्याचे ठरले, सुरतेपासून दिल्लीपर्यंत कापडबाजार खवळला आणि ३१ डिसेंबर २०२१ ला ती वाढ स्थगित झाली. शेवटी ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत तंतू व सूत दोन्ही पाच टक्क्यांवर आणले गेले. हा निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. कदाचित तो योग्यच असेल, आणि हातमागवाल्याचाही त्यात लाभ असेल. आम्ही एवढेच विचारतो की हे दर जी परिषद ठरविते, तिच्यात प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो, विधानसभा असलेल्या केंद्रशासित प्रदेशांचाही बसतो. दादरा-नगरहवेलीचा कोण बसतो? कोणीही नाही. ज्या गावात सूत निघते त्या गावाची खुर्ची तेथे नाही. सूत ज्याचे आहे त्याचे निवेदन मात्र टेबलावर आहे. सुताच्या दराचे गाऱ्हाणे तीन महिन्यांत ऐकले गेले. आमची विधानसभा १९६३ पासून वाट पाहते आहे.

विजेचे प्रकरण याहून ताजे. येथली वीजगळती देशात अतिशय कमी असलेल्यांत मोडत होती. वीजखाते काही बुडीत नव्हते. तरी मे २०२० मध्ये, साथीच्या दिवसांत, माणसे घरांत कोंडलेली असताना, केंद्रशासित प्रदेशांतील वीजवितरण खासगी हाती देण्याची घोषणा अर्थमंत्र्यांनी दिल्लीत केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अखेर १ एप्रिल २०२२ पासून वितरण कंपनीचे एक्कावन्न टक्के भांडवल अहमदाबादच्या टोरंट पॉवरकडे गेले. बोली लावून गेले, नियमाप्रमाणे गेले, असे प्रशासन सांगेल. आम्ही ते मान्य करून चालू. आमचा आक्षेप बोलीवर नाही. घरातील वस्तू विकावयाची की नाही हे घरधन्याने ठरवावयाचे असते, लिलावदाराने नव्हे! लिलाव किती चोख झाला हा प्रश्न त्यानंतरचा. महाराष्ट्रात असा निर्णय झाला असता तर विधानसभेत चार दिवस गदारोळ झाला असता, कामगार संघटनांनी आमदारांस घेराव घातला असता, मंत्र्यास उत्तर द्यावे लागले असते. जानेवारी २०२३ मध्ये तेथल्या वीजकर्मचाऱ्यांनी संप पुकारला, तेव्हा पहिल्याच दिवशी उपमुख्यमंत्र्यास वाटाघाटीला बसून खासगीकरण करणार नाही असे सांगावे लागले. आमचा वीजकर्मचारी कोणापुढे बसणार होता?

आता कारखान्यातील मजुराकडे वळा. कामगार कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यास होते. औद्योगिक संबंध संहितेने ती मर्यादा तीनशेवर नेली. ही मालकवर्गाची कित्येक वर्षांची मागणी. राज्यसभेने ती संहिता २३ सप्टेंबर २०२० रोजी संमत केली, त्या दिवशी विरोधी बाके बहिष्कारामुळे रिकामी होती, आणि आमचे बाक तर तेथे कधी मांडलेच गेले नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आहे. पिपरियातील दोनशे माणसांच्या कारखान्यात जो मजूर उभा आहे, त्याच्या पायाखालची फळी कोणी काढली, हे त्यास कोणी सांगितले काय?

'निवेदन देणे हा काय गुन्हा आहे?' असे कारखानदार विचारतील. नाही, गुन्हा नाही. शेतकरी मोर्चा काढतो, शिक्षक धरणे धरतो, तसा कारखानदारानेही आपला अर्ज द्यावा. फरक इतकाच की मोर्चा भर रस्त्यावरून जातो आणि अर्ज मागल्या दाराने. मोर्चात किती माणसे होती हे पोलिसांच्या डायरीत असते. कोणत्या कंपनीचा मनुष्य कोणत्या सचिवास किती वेळा भेटला, ह्याची नोंद कोठे असते? अमेरिकेत १९९५ च्या कायद्याप्रमाणे अशा दलालांस आपले नाव, धनी आणि खर्च जाहीर करावा लागतो. वॉलमार्टने २००८ पासून अशा कामावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चिले, आणि भारताचा बाजार उघडणे हाही त्यातला एक विषय होता, हे २०१२ साली आपल्याला कळले ते अमेरिकेच्या सिनेटमधील कागदांवरून! आपल्या संसदेत गोंधळ झाला, न्यायमूर्ती मुद्गल ह्यांची चौकशी समिती नेमली गेली. लोकसभेत २०१३ साली एका खासगी सभासदाने लॉबिंग उघड करण्याचे विधेयक मांडले, तेही विरून गेले. आपल्या घरी कोण येऊन गेले हे शेजाऱ्याने सांगावे, अशी ही गत.

आणि थैलीचे काय? ह्या प्रश्नाचा उगम मुंबईतच आहे. राजकीय पक्षांस देणगी देता यावी म्हणून टाटांच्या पोलाद कंपनीने आपल्या घटनापत्रात बदल मागितला, तो वाद १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. मुख्य न्यायमूर्ती छागला ह्यांनी कायद्याच्या अक्षराप्रमाणे परवानगी दिली, परंतु देताना हा धोका वाढत जाऊन लोकशाहीचा गळा आवळील अशा अर्थाचा इशारा दिला, आणि संसदेने ह्याचा विचार करावा असे सुचविले. संसदेने विचार केला तो असा : १९६९ साली कंपन्यांच्या देणग्या बंद, १९८५ साली पुन्हा सुरू, २०१३ च्या कायद्यात सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंत मुभा, आणि २०१७ साली मर्यादाच काढून टाकली! वर निवडणूक रोखे आले, म्हणजे देणाऱ्याचे नावही झाकले. २०१८ पासून सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली, आणि कंपन्यांवरील मर्यादा उठविणारी दुरुस्तीही मनमानी म्हणून रद्द केली. छागलांचा इशारा कानी पडावयास सदुसष्ट वर्षे लागली.

एक पक्ष वाईट आणि दुसरा सोवळा, असे ज्यास वाटते त्याने वेदान्त प्रकरण आठवावे. त्या समूहातील स्टरलाइट व सेसा ह्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस व भाजप ह्या दोघांनीही विदेशी देणग्यांचा कायदा मोडला, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये दिला. सेसा म्हणजे गोव्याच्या लोखंडखाणीतील सेसा. पोर्तुगीज राज्याच्या जुन्या रहिवाशांस हे नाव नवे नाही. मग काय झाले? आरोपींनी कायदाच बदलला! २०१६ च्या वित्त कायद्याने 'विदेशी' ह्या शब्दाची व्याख्या मागील तारखेपासून बदलली, आणि ती मागील तारीख अपुरी पडते असे ध्यानात आल्यावर २०१८ साली ती थेट १९७६ पर्यंत मागे नेली. ते वित्त विधेयक लोकसभेत चर्चेवाचून संमत झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष अशा वेळी कसे एका ताटात जेवतात!

येथे आमचे काही मित्र आम्हांस चिमटा घेतील. 'महाराष्ट्रात विलीन व्हा म्हणता, विधानसभा हवी म्हणता. गोव्याला विधानसभा होती ना? तेथे खाणमालकांनी काय केले?' प्रश्न रास्त आहे. खाणपट्टे लिलावानेच द्यावेत असा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ रोजी निघाला, आणि गोवा सरकारने तत्पूर्वीच्या काही आठवड्यांत जुन्या पट्ट्यांचे घाईघाईने नूतनीकरण केले. काही पट्टे तर नेमके त्याच दिवशी. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अठ्ठ्याऐंशी नूतनीकरणे रद्द केली. तेव्हा विधानसभा असली म्हणजे धनदांडग्यांचे गुळपीठ जमत नाही, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मुंबईच्या मंत्रालयात सारे धुतल्या तांदळासारखे आहेत असे म्हणण्याइतके आम्ही भोळेही नाही. परंतु गोव्यात नूतनीकरण केव्हा झाले, कोणत्या सरकारने केले, हे जगापुढे आले. त्या सरकारचा मुख्यमंत्री कोण हे लोकांस ठाऊक होते. त्यास मते मागावयास पुन्हा दारी यावे लागत होते. येथे कोणत्या मसुद्यावर कोणाची सही झाली हे विचारावयाचे तर कोणास विचारावे? ज्याची बदली होऊ शकते, पण ज्याचा पराभव होऊ शकत नाही, अशा माणसाच्या दारी लोक कशाला जातील? कारखानदार मात्र जातात, कारण त्यांना मत द्यावयाचे नसते, पटवावयाचे असते. आणि शंभर आमदारांपेक्षा एक अधिकारी पटविणे केव्हाही सोपे आणि स्वस्त. केंद्रशासित दर्जा टिकावा म्हणून येथे जे गळे काढले जातात त्यांतील किती गळे आदिवासींचे आहेत आणि किती करसवलतीवर वाढलेले, हे वाचकांनीच ओळखावे.

१९६० साली उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला तेव्हा आमच्या आणि ठाणे जिल्ह्याच्या मध्ये जणू भिंत घातली गेली. तलासरी, जव्हार, मोखाडा येथले वारली आणि खानवेलचे वारली ह्यांच्यात सोयरीक आहे, देवदेवस्की एक आहे. पलीकडचा वारली आपला आमदार निवडतो, अलीकडचा नाही. न्याय मात्र आजही मुंबईच्या उच्च न्यायालयाचा. न्याय मुंबईचा चालतो, मग कायदा मुंबईचा का चालू नये, ह्याचे उत्तर दिल्लीने द्यावे.

विलीनीकरण होईल तेव्हा होईल. त्यासाठी लढा चालूच आहे. परंतु तोवर ओसरीवर दिवा लावण्यास कोणाची परवानगी नको. कोणताही कायदा करण्यापूर्वी त्याचा मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्र सरकारचेच २०१४ चे धोरण आहे. ते धोरण अनुच्छेद २४० खालील प्रत्येक विनियमास लागू करावे, आणि मसुदा मराठी, गुजराती व हिंदीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, अशी आमची मागणी आहे. दोन्ही खासदारांनी ती येत्या अधिवेशनात मांडावी. न मांडल्यास त्यांच्या नावानिशी आम्ही विचारणार आहोत.

दुसरे काम वाचकांचे. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचा मजकूर आम्ही उद्याच्या अंकात पहिल्या पानावर छापत आहोत. त्यात तीन प्रश्न आहेत : गेल्या पाच वर्षांत कर, जमीन, वीज व कामगार ह्या विषयांवर कोणत्या उद्योगसंघटनांची व कंपन्यांची निवेदने प्रशासनाकडे आली, त्यांच्या प्रतिनिधींच्या भेटी कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखांस घेतल्या, आणि त्याच विषयांवर ग्रामपंचायतींनी पाठविलेल्या ठरावांचे पुढे काय झाले. 'व्यापारी गुपित' म्हणून पहिले दोन प्रश्न टाळण्याचा यत्न होईल, ह्याची तयारी ठेवूनच शब्द बेतले आहेत. अर्ज कापून घ्यावा, सही करावी, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडावी आणि सिल्वाशाच्या सचिवालयात स्वतः नेऊन पोच घ्यावी. कायद्याप्रमाणे उत्तर तीस दिवसांत आले पाहिजे. आलेली उत्तरे, आणि न आलेलीही, ह्याच पानावर छापली जातील.